मनोरुग्णाच्या दारी पोलीस

(कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छातीत कळ आली तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आग लागली तर अग्निशमन दल बोलवावे, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण घरातल्या एखाद्या माणसाचे मनच अकस्मात ताब्याबाहेर गेले तर कोणाला बोलवावे? चार रात्री न झोपलेला मुलगा हातात विळी घेऊन स्वयंपाकघरात उभा आहे, शेजारी आपल्याला विष घालणार असल्याची त्याची खात्री पटली आहे, आणि आई दाराबाहेर रडत उभी आहे. अशा वेळी वाड्यातील वा सोसायटीतील कोणी तरी ११२ फिरवतो आणि दारात येऊन उभा राहतो तो पोलीस. मनोविकारतज्ज्ञ येत नाही, परिचारिका येत नाही, समुपदेशक येत नाही. ज्याच्या शिक्षणात मनोविकाराचा अभ्यास सर्वांत कमी, तोच माणूस सर्वांच्या आधी पोहोचतो.

यात पोलिसांचा दोष काढण्याचे कारण नाही. रात्री दोन वाजता उघडे असणारे शासनाचे दार एकच असते, ते पोलीस ठाण्याचे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या वेळी प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि त्यातील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. उपचाराविना राहिलेले दुखणे कधी तरी रस्त्यावर येते आणि रस्ता हा पोलिसांच्या अखत्यारीतील विषय आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. यातील प्रत्येक घटनेचा पंचनामा पोलिसांनीच केला. पंचनाम्याच्या आधी पोहोचणे त्यांना कसे जमेल, हा आजचा विषय.

पोलिसाला जे शिकवले जाते ते नीट पाहिले तर अडचण ध्यानात येते. आवाज चढवा, आज्ञा द्या, घेरा टाका, झटपट ताबा मिळवा. चोर, दंगेखोर यांच्यासमोर हे योग्यच ठरते, कारण परिणाम काय होणार हे त्यांना कळत असते आणि त्या भीतीने ते थांबतात. परंतु ज्याच्या मनात 'मला मारायला माणसे येत आहेत' हा भ्रम पक्का बसला आहे, त्याच्या दारात चार गणवेशधारी काठ्या घेऊन ओरडत शिरले तर त्याचा भ्रम खरा ठरतो. तो पळतो वा अंगावर धावून येतो. पोलिसांच्या लेखी तो 'प्रतिकार' ठरतो, मग बळ वाढते, त्यातून त्याची भीती वाढते. हे चक्र मिनिटा-दोन मिनिटांत पूर्ण होते आणि शेवट कधी रुग्णाच्या मृत्यूत, तर कधी एखाद्या हवालदाराच्या गंभीर दुखापतीत होतो. दोघेही कोणाच्या तरी घरचे असतात.

या प्रश्नाला पहिले संघटित उत्तर मिळाले ते अमेरिकेतील मेम्फिस शहरात. टेनेसी राज्यातील, मिसिसिपी नदीकाठचे हे शहर. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या इथलीच. कृष्णवर्णीय समाज आणि पोलीस यांच्यातील अविश्वास तिथे मुरलेला होता. २४ सप्टेंबर १९८७ रोजी तिथल्या एका गरीब वस्तीतून एका आईने पोलिसांना बोलावले. तिचा २७ वर्षांचा मुलगा सुरीने स्वतःला जखमा करून घेत होता, मरण्याची भाषा बोलत होता. पोलीस आले, सुरी टाकण्याचा हुकूम झाला. तो अस्वस्थ होऊन त्यांच्या दिशेने धावला आणि गोळ्यांना बळी पडला. मुलगा वाचावा म्हणून आईने बोलावले होते. तो कृष्णवर्णीय होता. शहर संतापले.

अशा वेळी राज्यकर्ते सर्वत्र जे करतात, म्हणजे चौकशी समिती नेमतात, अहवाल मागवतात आणि कपाटात ठेवतात, तेवढ्यावर मेम्फिस थांबले नाही. महापौरांनी पोलीस, मनोरुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना, रुग्णालये आणि दोन विद्यापीठे यांना एका टेबलाभोवती बसवले. कुटुंबीयांची संघटना या बैठकीत तक्रारदार म्हणून बसली नाही, ती रचना घडवणाऱ्यांपैकी एक झाली, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पोलिसांकडून सॅम कॉक्रन नावाचे अधिकारी आणि विद्यापीठाकडून डॉ. रँडॉल्फ ड्युपाँट हे मानसशास्त्रज्ञ यांनी पुढाकार घेतला आणि १९८८ मध्ये 'क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम' उभी राहिली. मराठीत तिला संकट-प्रतिसाद पथक म्हणता येईल. पुढे ती 'मेम्फिस मॉडेल' या नावाने ओळखली गेली आणि अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक ठिकाणी या पद्धतीची पथके सुरू झाली.

पथक हा शब्द थोडा फसवा आहे. हे लोक वेगळ्या इमारतीत हाक येण्याची वाट पाहत बसत नाहीत. ते नेहमीचेच गस्तीवरचे शिपाई असतात, चोऱ्या-मारामाऱ्याही पाहतात. फक्त मनोविकाराची हाक आली की जवळच्या प्रशिक्षित शिपायाला पाठवले जाते आणि तिथे पोहोचल्यावर, हुद्दा कोणताही असो, सूत्रे त्याच्याकडे येतात. सक्ती कोणावरही नाही. ज्याला या कामाची ओढ आहे तो स्वतः नाव देतो, त्याची पारख होते आणि मग चाळीस तासांचे, म्हणजे सलग आठवडाभराचे प्रशिक्षण दिले जाते. गस्तीवरील मनुष्यबळापैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा असा तयार झाला तर प्रत्येक पाळीत, प्रत्येक भागात एक तरी जाणता माणूस सापडतो, असा त्यामागील हिशेब. दूरध्वनी घेणाऱ्यांनाही शिकवले जाते, कारण 'एक वेडा दंगा करतोय' एवढीच नोंद करून गाडी पाठवली तर शिपाई दंगा मोडायलाच जाणार. 'औषधे बंद केली आहेत का, हातात काही आहे का, घरात कोणाचे ऐकतो' हे तीन प्रश्न दूरध्वनीवरच विचारले तर तोच शिपाई वेगळ्या तयारीने जातो.

त्या चाळीस तासांत काय शिकवतात, हे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. रोगांची ओळख असतेच, परंतु निदान करणे हे शिपायाचे काम नव्हे, असे आरंभीच बजावले जाते. त्याने एवढेच ओळखायचे की समोरचा माणूस उद्धट नाही, आजारी आहे. आणि आजारही प्रत्येक वेळी मनाचाच असतो असे नाही. मधुमेह्याची साखर एकदम उतरली, अपस्माराचा झटका नुकताच येऊन गेला, डोक्याला मार बसला, तापाने मेंदू ग्रासला वा रोजची दारू अचानक तुटली तर माणूस बरळतो, झटापट करतो, ओळखीचे चेहरे विसरतो. आपल्याकडे अशाला 'पिऊन पडलाय' म्हणून सोडून देतात आणि सकाळी तो मेलेला आढळतो. म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशामुळे घराचा रस्ता विसरलेले आजोबा याच रांगेत येतात.

मग येते बोलण्याची रीत. सायरन आणि फिरते दिवे गल्लीच्या तोंडाशीच बंद करावेत. बघ्यांना दूर करावे. बोलणारा एकच असावा, बाकीच्यांनी गप्प राहावे, कारण ज्याच्या कानात आधीच आवाजांचा कल्लोळ आहे त्याला चार जणांचे हुकूम कळत नाहीत. आपले नाव सांगावे, त्याचे विचारावे, आणि त्याच नावाने, शक्य तर 'अहो-जाहो'ने बोलावे. वाक्ये लहान असावीत आणि उत्तरासाठी थांबावे. अंतर राखावे, तो आणि दार यांच्यामध्ये उभे राहू नये, कारण कोंडलेला माणूसच झेप घेतो. त्याच्या भ्रमाशी वाद घालू नये आणि त्याला होकारही देऊ नये. 'भिंतीत कोणी नाही, वेडेपणा करू नकोस' हे जितके चुकीचे, तितकेच 'हो, मलाही ऐकू येतेय' हेही चुकीचे. 'तुम्हाला ऐकू येतेय, त्याने भीती वाटत असणार' एवढे म्हणणे खरेही आहे आणि पुरेसेही. मरण्याची भाषा असेल तर 'जीव द्यायचा विचार आहे का' असे सरळ विचारावे. अशा प्रश्नाने मनात नसलेला विचार येतो हा समज चुकीचा आहे. उलट कोणी तरी विचारले म्हणून माणूस बोलता होतो. आणि धरावेच लागले तर पालथे पाडून पाठीवर बसू नये, धडपडणाऱ्या माणसाचा श्वास त्यात कोंडतो.

या सर्वांचा गाभा एकच, घाई करू नये. पोलिसी शिक्षण वेळ वाचवायला शिकवते, हे शिक्षण वेळ घालवायला शिकवते. बोलण्यात तासभर गेला तर जाऊ द्यावा.

या अभ्यासक्रमाचा सर्वांत परिणामकारक भाग मात्र व्याख्यानाचा नसतो. शिपायांना मनोरुग्णालयात आणि पुनर्वसन केंद्रात नेले जाते. तिथे बरे झालेले रुग्ण त्यांच्याशी बोलतात, 'मला बेड्या घातल्या त्या दिवशी मी काय पाहत होतो' ते सांगतात. काही ठिकाणी कानाला यंत्र लावून त्यातून सतत हिणवणारे, दटावणारे आवाज ऐकवतात आणि त्याच वेळी साधी बेरीज करायला वा अर्ज भरायला सांगतात. बहुतेकांना ते जमत नाही. 'सांगितलेले ऐकत नाही' याचा अर्थ काय, हे एरवी कितीही पाने वाचून कळले नसते ते अशा वेळी कळते. शेवटी वेष पालटून प्रसंग उभे करतात, एक जण रुग्ण होतो, दुसरा शिपाई, आणि इतर जण चुका काढतात.

पण एवढ्यावरच मेम्फिसची गोष्ट सांगून थांबले तर ती अर्धीच सांगितली असे होईल, आणि आपल्याकडे नेमकी अर्धीच उचलली जाण्याचा धोका आहे. प्रशिक्षित शिपायाने तासभर बोलून माणसाला शांत केले, गाडीत बसवले, पुढे काय? मेम्फिसमध्ये शहराच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाने एक दार खुले ठेवले. पोलीस ज्याला आणतील त्याला परत पाठवायचे नाही. खाट नाही, नातेवाईक नाहीत, पैसे नाहीत, हा प्यायलेला आहे, हा आमच्या विभागाचा नाही, यांपैकी कोणतेही कारण चालणार नाही. आणि शिपायाला अर्ध्या तासाच्या आत मोकळे करायचे. कारण उघड आहे. आरोपीला कोठडीत टाकायला वीस मिनिटे लागत असतील आणि रुग्णाला दाखल करायला सहा तास, तर कितीही सहृदय शिपाई तिसऱ्या खेपेला कोठडीचाच रस्ता धरील. कोठडीपेक्षा रुग्णालय सोपे केले, हे मेम्फिसचे खरे कर्तृत्व. चाळीस तासांच्या अभ्यासक्रमाची प्रत कोणीही काढू शकतो, दार उघडण्याची प्रत काढणे कठीण असते.

या पद्धतीवर पुष्कळ संशोधन झाले आहे आणि त्याचा निष्कर्ष संमिश्र आहे. शिपायांचे ज्ञान वाढते, दृष्टिकोन बदलतो, आत्मविश्वास येतो, तुरुंगाऐवजी उपचारांकडे जाणाऱ्यांचे प्रमाण वाढते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसले. बळाचा वापर आणि मृत्यू निश्चितपणे घटतात, असे मात्र ठामपणे सिद्ध झालेले नाही. ज्या शहरांनी आठवडाभराचे वर्ग घेतले आणि रुग्णालयाची बाजू तशीच ठेवली, तिथे फारसा फरक न पडणे स्वाभाविकच होते. तिकडे दुसराही विचार पुढे आला आहे, की अशा हाकेला पोलिसांनी जावेच कशाला? ओरेगन राज्यातील यूजीन शहरात १९८९ पासून वैद्यकीय साहाय्यक आणि समुपदेशक यांची नि:शस्त्र जोडी अशा ठिकाणी जात असे. ती सेवा त्या शहरात २०२५ मध्ये निधीअभावी थांबली. डेन्व्हरने २०२० मध्ये तसाच उपक्रम सुरू केला. विचार उत्तम आहे. परंतु जिथे जिल्ह्याच्या ठिकाणीही मनोविकारतज्ज्ञ सहज मिळत नाही, तिथे पोलिसाला वगळून दुसरा कोणी रात्री दोन वाजता येईल, ही कल्पना आणखी बराच काळ कागदावरच राहणार. आपल्याला पोलिसालाच तयार करावे लागेल.

आपला कायदा या बाबतीत मागे नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. १९१२ चा इंग्रजांचा कायदा अशा माणसाला 'ल्यूनॅटिक' म्हणत असे. १९८७ च्या कायद्याने शब्द बदलले, तरी रुग्णाला पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे ही न्यायालयीन चाकोरी कायम राहिली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले, तेव्हा देशाला हादरा बसला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई केली.

याच कायद्यातील शंभरावे कलम प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावावे असे आहे. आपल्या हद्दीत भटकणारी, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, वा त्या आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेली व्यक्ती आढळली तर तिला संरक्षणात घेणे हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. शब्द 'अटक' नव्हे, 'संरक्षण' असा आहे. कारण तिला वा तिच्या प्रतिनिधीला सांगायचे. शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही स्थितीत चोवीस तासांच्या आत, जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे. आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत वा तुरुंगात ठेवायचे नाही. दाखल करण्याची गरज नाही असे डॉक्टरांनी सांगितले तर घरी पोहोचवायचे, घर नसेल तर शासकीय निवाऱ्यात न्यायचे. कलम ९४ प्रमाणे तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ नसला तरी, ७२ तासांच्या मर्यादेत प्राथमिक उपचार करू शकतो. कलम ११५ म्हणते की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावे आणि त्याला शिक्षा करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ वे कलम तर उरलेलेच नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. आणि पोलिसांसह शासकीय अधिकाऱ्यांना या विषयाचे ठरावीक काळाने प्रशिक्षण देणे, ही या कायद्याने सरकारवरच टाकलेली जबाबदारी आहे.

म्हणजे कायदा आहे. आता त्या कायद्यासह एखाद्या तालुक्याच्या ठाण्यातील हवालदाराची रात्र डोळ्यांसमोर आणावी. ठाणे अंमलदाराने त्याला बसस्थानकावर पाठवले आहे. तिथे फाटक्या कपड्यातील, स्वतःशी बोलणारी एक बाई आहे, भाषा मराठी नाही. महिला शिपाई दुसऱ्या बंदोबस्तावर आहे. ग्रामीण रुग्णालयात नेले तर तिथे मनोविकारतज्ज्ञ नाही. जिल्हा रुग्णालय लांब आहे. शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये राज्यात चार, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. ठाण्याचे १९०१ पासूनचे. 'येरवड्याला पाठवा', 'ठाण्याला नेऊन टाका' हे शब्द आपल्या बोलण्यात विनोद म्हणून रुळले, पण त्या हवालदाराला खरोखर न्यायचे असेल तर गाडी, डिझेल, सोबतीला माणूस आणि परतीचा दुसरा दिवस लागतो. शिवाय दारात नकार मिळाला तर? मग तो बाईला चहा पाजतो आणि स्थानकाच्या दुसऱ्या टोकाला बसवून निघून जातो. या हवालदाराला निर्दय म्हणणे सोपे आहे. त्याला चाळीस काय, चारशे तास शिकवले तरी समोरचे दार बंद असेल तर तो याहून निराळे काही करू शकणार नाही.

म्हणून मागणी करायची ती दोन्हींची एकत्र करावी लागेल. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत आणि राज्यातील पोलीस प्रशिक्षण केंद्रांत या विषयाला व्याख्यानाचा एक तास नव्हे, सरावाचा आठवडा मिळावा. तिथे शिकवायला डॉक्टरांइतकेच बरे झालेले रुग्ण आणि त्यांच्या माता यांना बोलवावे. सर्वांना नाही जमले तरी प्रत्येक ठाण्यात प्रत्येक पाळीला एक जाणता शिपाई असावा. आणि प्रत्येक जिल्ह्यात एका रुग्णालयाने लेखी कबूल करावे की पोलिसांनी आणलेला असा रुग्ण परत पाठवला जाणार नाही. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी एका बैठकीत ठरवायची ही गोष्ट आहे, तिला नवा कायदा लागत नाही. जाता जाता, गणेशोत्सवाच्या बंदोबस्तात सोळा-सोळा तास उभा राहिलेला शिपाई दुसऱ्याच्या मनाला किती आधार देणार, हाही प्रश्न त्या बैठकीत कोणी तरी विचारायला हवा.

कुटुंबांच्या वाट्याला जे येते ते थोडे, पण नेमके आहे. घरात असा रुग्ण असेल तर ते लपवण्यापेक्षा शांत काळातच, आजाराचे नाव, चालू औषधे, डॉक्टरांचा क्रमांक, काय केल्याने तो चिडतो आणि कोणाच्या बोलण्याने शांत होतो, हे एका कागदावर लिहून ठेवावे. पोलीस दारात आले की तो कागद प्रथम त्यांच्या हाती द्यावा. दूरध्वनी करताना 'गोंधळ चालू आहे' असे न म्हणता 'माणूस आजारी आहे, उपचार चालू आहेत, हातात अमुक वस्तू आहे' असे सांगावे. प्रसंग अजून हाताबाहेर गेला नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

कार्यकर्त्याचे काम तर त्याहून साधे. गर्दी हटवणे. मोबाइल काढून चित्रीकरण करणाऱ्यांना थांबवणे, कारण बरा झाल्यावर त्या माणसाला त्याच गल्लीत राहायचे असते. रुग्णालयात पोलिसांच्या गाडीमागे आपली गाडी घेऊन जाणे आणि नातेवाइकांबरोबर सकाळपर्यंत बसणे. ठाण्यातील बीट अंमलदाराशी आधीपासून ओळख असणे. चार लोक साक्षीला आणि मदतीला आहेत असे दिसले की हवालदाराचीही भीती कमी होते. ज्या बाईला तो स्थानकाच्या दुसऱ्या टोकाला बसवून गेला, तिला अंगभर साडी आणि रुग्णवाहिका मिळवून देणारी दोन माणसे त्या रात्री तिथे असती तर कदाचित त्याने गाडी वळवली असती.

राहता राहिले ते भटकणारे रुग्ण. कलम १०० च्या शेवटी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. असा बेघर वा भटकणारा रुग्ण सापडला तर हरवलेल्या व्यक्तीची रीतसर नोंद, ठाण्याच्या भाषेत 'मिसिंग', दाखल करायची आणि कुटुंबाचा शोध घेऊन त्यांना कळवायचे, हे प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. हे अशक्य कोटीतील वाटते, पण रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे ते वर्षानुवर्षे घडते आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन संस्था सुरू केली. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला उचलून आणायचे, उपचार करायचे आणि बरे झाल्यावर त्याच्या घरी, मग ते कोणत्याही राज्यात असो, नेऊन सोडायचे, एवढेच तिचे काम. त्याबद्दल २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या रुग्णांपैकी अनेकांच्या घरी ते मेले असे समजून वर्षे लोटलेली असतात. औषधाने मन थाऱ्यावर आले की प्रथम आठवते ते गावाचे नाव, मग नदी, शाळा, भावाचे नाव. तेवढ्या माहितीवर शोध सुरू होतो. ज्या गावाचे नाव कळले त्या हद्दीच्या ठाण्यात कोणी तरी जुने 'मिसिंग'चे रजिस्टर काढून पाहावे लागते, आणि त्या रजिस्टरात ती नोंद केलेली असावी लागते.